जेलब्रेक केला म्हणून जेल होत नाही

मंडळी, रविवारी मीच ग्रुपवर तो मेसेज टाकला होता, की मोबाईल रूट किंवा जेलब्रेक केला (म्हणजे कंपनीने घातलेलं लॉक तोडून फोनमध्ये हवं ते बदललं) तर कंपनी केस करते आणि सोनीने एका पोराला तुरुंगात टाकलं. न वाचता पुढे ढकलला, चूक माझी. कारण जेल रोडवर फोन नीट करून घेणारे आपले दोन-तीन काका तेव्हापासून घाबरलेत (नावच तसं आहे रस्त्याचं, काय करणार).

खरं असं की त्या पोराने, म्हणजे जॉर्ज हॉट्झ नावाच्या अमेरिकन हॅकरने, सोनीच्या प्लेस्टेशन ३ या गेम खेळायच्या मशीनचं लॉक तोडलं, सोनीने जानेवारी २०११ मध्ये केस केली, पण ती दिवाणी होती, एप्रिलमध्ये आपसात मिटल्याचं जाहीर झालं आणि त्याने सोनीच्या वस्तूंना परत हात लावणार नाही असं कबूल केलं, तुरुंग वगैरे काही नाही. अमेरिकेत तर जुलै २०१० मध्येच फोन जेलब्रेक करायला कायद्यात सूट मिळाली होती. आणि सगळ्या कंपन्या सारख्या नसतात हो, ॲपलने जेलब्रेक बनवणाऱ्या एका पोराला २०११ मध्ये चक्क इंटर्न म्हणून घेतलं. गूगलच्या पिक्सेल फोनच्या सेटिंग्जमध्ये, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'ओईएम अनलॉकिंग' असं, कंपनीचं लॉक उघडायला परवानगी देणारं बटणच असतं, माझ्या भाच्याने समोर बसून दाखवलं. फक्त अनलॉक करताना फोनमधलं सगळं पुसलं जातं आणि नंतर बँकेची ॲप्स रुसू शकतात, तेवढं बघून करा.

तो मेसेज माझ्या नावाने आला असेल तर प्लीज डिलीट करा, पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवला त्यांना हा पाठवा.