‘मनोरुग्णांना कामाला लावू नका’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या मावशीला कोणीतरी हा मेसेज पाठवला आणि तिने मुलाला कामावर जायचं बंद केलं, म्हणून लिहितोय, नाहीतर असले फॉरवर्ड मी उघडतही नाही. मेसेजमध्ये काय, तर मनोरुग्णांना सहकारी गटात सभासद करून काम देणं हे परदेशी फॅड आहे, कामाच्या टेन्शनने आजार उलटतो, ही माणसं कधी अंगावर येतील सांगता येत नाही, त्यांची सही कायद्याने चालत नाही, आणि शेवटी हे सगळं फुकटात राबवून घ्यायला आहे. त्यांना घरीच आराम करू द्या म्हणे.

आधी टेन्शनचं, कारण मावशी तिथेच घाबरली. मावसभावाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे गंभीर मानसिक आजार आहे, गोळ्या चालू आहेत. त्यांचा गट चिवड्याची पाकिटं भरतो. गोळीमुळे सकाळी डोकं जड असतं म्हणून तो अकराला जातो, हात थरथरतात म्हणून सीलिंग मशीनवर दुसरं कोणी बसतं आणि वजनकाटा त्याच्याकडे. २०० ग्रॅम म्हणजे २००, एक शेंगदाणा जास्त झाला तरी काढणार, बाकीचे वैतागतात. दोन रात्री झोप नीट झाली नाही तर मावशीच्या आधी गटातल्या बायकांच्या लक्षात येतं. आणि घरी दिवसभर पडद्याआड पडून राहायचं, पाहुणे आले की आतल्या खोलीत जायचं, याला आराम म्हणायचं?

बरं, माझं सोडा. २००७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, युरोपातली सहा केंद्रं, गंभीर मानसिक आजाराचे ३१२ जण. अर्ध्यांना मदतनीस देऊन थेट नोकरीला लावलं, अर्ध्यांना नेहमीसारखं आधी ट्रेनिंग. पहिल्या गटातल्या ५५ टक्क्यांनी काम केलं, दुसऱ्यातल्या २८. आणि परत हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं ते पहिल्या गटात २० टक्के, दुसऱ्यात ३१! त्या साध्या नोकऱ्या होत्या, सहकारी गट नव्हते, मान्य, पण कामाने आजार उलटतो हाच दावा होता ना?

अंगावर येण्याचं काय बोलायचं. या आजारातली बहुतेक माणसं कोणाला हात लावत नाहीत, उलट मार तेच जास्त खातात. रविवार कारंजाच्या चौकात संध्याकाळी गाडी घेऊन अंगावर येतात ते सगळे ‘नॉर्मल’च असतात.

सहीचं तर सरळ खोटं आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ३: कोर्टाने तसं जाहीर केल्याशिवाय, नुसता मानसिक आजार आहे म्हणून कोणाचं मन ठिकाणावर नाही असं धरता येत नाही. अहो, १८७२ चा करार कायदासुद्धा म्हणतो की एरवी ज्याचं मन ठिकाणावर नसतं त्यालाही, ठिकाणावर असताना करार करता येतो.

परदेशी फॅड? सुरुवात इटलीतल्या त्रिएस्तेत झाली हे खरं, १९७० च्या दशकात, डॉक्टर फ्रांको बसालियांच्या मनोरुग्णालयात. जे रुग्ण तिथे मजुरीशिवाय साफसफाई करायचे त्यांचीच सहकारी संस्था झाली आणि त्याच कामाचा पगार मिळायला लागला. पुढे १९९१ च्या कायद्याने अशा संस्थांत किमान ३० टक्के कामगार वंचित गटातले हवेत असं ठरलं. बाकी सहकार परदेशी हे महाराष्ट्रात बसून म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

राहिलं फुकट राबवणं. हे, नाइलाजाने म्हणतो, अर्धं खरं आहे. ‘थेरपी’च्या नावाखाली दिवसभर मेणबत्त्या करून घ्यायच्या आणि हातावर चहा-बिस्कीट, असं मी एके ठिकाणी पाहिलंय. २०१७ च्याच कायद्यात उपचार केंद्रात जबरदस्तीने काम नको आणि केलं तर योग्य मोबदला हवा असं आहे, पाळतंय कोण. पण म्हणून तर माणूस सभासद हवा ना, म्हणजे त्याला हिशोबाची वही बघता येते आणि एक मत असतं. या गटात महिनाअखेरीस हिशोब सगळ्यांसमोर वाचतात. पैसे कमीच येतात, दिवाळी संपली की ऑर्डरच नसते. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले तुम्ही लोक हे फॉरवर्ड करण्यापेक्षा कॅन्टीनच्या चिवड्याची ऑर्डर कोणाला जाते ते जरा विचारा.