दाढीला खाज सुटली की तेल चोपडा म्हणणारा मेसेज

श्रावण लागला की आमच्या भागात बरेच पुरुष दाढी करायचं थांबवतात, काही जण तर थेट गणपती येईपर्यंत ठेवतात, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून गाल खाजवत आमच्या मेडिकलवर यायला लागतात. मी फार्मसिस्ट आहे, काउंटरवर रोज उभा असतो. त्यातले अर्धे लोक मोबाइल पुढे करून एक मेसेज दाखवतात. मेसेज साधारण असा आहे: दाढीला खाज येणं म्हणजे नवीन केस फुटतायत, घाबरू नका, सहन करा. भुकटी पडते ती कोरडेपणामुळे, म्हणून रात्री मोहरीचं किंवा ऑलिव्हचं तेल चोपडून झोपा. दिवसातून तीनदा साबणाने धुवा, लिंबू चोळा. तरी थांबली नाही तर एकदा वस्तऱ्याने साफ करा म्हणजे केस दाट येतील, आणि मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणा. हे वाचून लोक स्वतःच्या चेहऱ्याचं नुकसान करून घेतात आणि मला ते बघवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

खाज म्हणजे केस फुटतायत, सहन करा. यात थोडं खरं आहे. वस्तऱ्याने केस कापला की त्याचं टोक धारदार राहतं, आणि असा खुंट वाढताना आजूबाजूच्या कातडीला टोचतो. दाढी महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते, त्यामुळे तीन-चार आठवड्यांत केस लांब होऊन वाकतात आणि ही टोचणी आपोआप कमी होते. एवढी सहन करा, चालेल. पण महिना उलटून गेला तरी खाज आहे किंवा दिवसेंदिवस वाढतेय तर ती केस फुटण्याची खाज नाही, तिचं कारण दुसरं काहीतरी आहे आणि ते शोधायला लागतं. आणि केस कुरळे असतील, मानेवर हनुवटीखाली पुटकुळ्या येत असतील तर टोकदार केस वळून परत कातडीत घुसलेला असू शकतो, त्याला पिनने उकरायचं नाही, त्या जागी काही आठवडे वस्तरा लावायचा नाही आणि नंतर पण उलटा हात मारायचा नाही, ट्रिमरने थोडे खुंट ठेवून कापायचे.

भुकटी म्हणजे कोरडेपणा, तेल चोपडा. हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना भोवतो. दाढीतून पडणारी पांढरी भुकटी बऱ्याचदा कोंडा असतो, डोक्यात होतो तोच. मॅलेसेझिया नावाचं एक यीस्ट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी बुरशी, आपल्या सगळ्यांच्या कातडीवर राहतं आणि कातडीतून जे तेल सुटतं त्यावर जगतं, तेलातला काही भाग ते खातं आणि मागे ओलेइक ॲसिड उरतं, ज्यांच्या कातडीला ते सोसत नाही त्यांना लाली, खाज, खपल्या सुरू होतात. या यीस्टला स्वतःला लागणारी फॅटी ॲसिड्स बनवता येत नाहीत, बाहेरून मिळावी लागतात, म्हणून लॅबमध्ये त्याच्या काही जाती वाढवायला वरून चक्क ऑलिव्ह तेलाचा थर देतात! आता सांगा, ज्याला कोंडा आहे त्याने रात्रभर तेच तेल दाढीत मुरवलं तर काय होणार? आणि मोहरीच्या तेलाची गोष्ट तर वेगळीच, ते मुळातच झणझणीत, आधीच सोललेल्या कातडीवर आग होते आणि लोक म्हणतात बघा असर होतोय.

मग ओळखायचं कसं. आंघोळीनंतर कातडी ताणल्यासारखी वाटते, भुकटी बारीक आणि सुकी, लाली फारशी नाही, तर कोरडेपणा असण्याची शक्यता जास्त, तिथे ओलसर दाढीत बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा दोन-चार थेंब खोबरेल बोटांनी मुळाशी लावलं तर बरं वाटतं. पण खपल्या पिवळसर, चिकट, खाली लाल, आणि तसंच भुवयांत, नाकाच्या कडेला, कानामागे पण होतंय तर तो कोंडा. त्याला किटोकोनाझोल २ टक्के शॅम्पू आठवड्यातून दोनदा, मुळापर्यंत चोळून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचा, असं दोन ते चार आठवडे. लोक लावल्या लावल्या धुतात आणि म्हणतात फरक नाही. कोंडा परत येतो हे पण माहीत असू द्या, कमी झाल्यावर आठवड्यातून एकदा चालू ठेवला तर ताब्यात राहतो.

तीनदा साबण, वर लिंबू. कातडीचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, साधारण ५ च्या आसपास, आणि अंगाच्या वडीच्या साबणाचा ९ ते १०. तीनदा धुवून कातडीचं स्वतःचं संरक्षणच निघून जातं, त्यात बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा थर केसांच्या मुळाशी चिकटून बसतो, नीट निघतच नाही. दिवसातून एकदा सौम्य फेसवॉश, घाम आला किंवा हेल्मेट काढलं की नुसतं पाणी, आणि नंतर दाढी खरंच कोरडी करायची, पावसाळ्यात हे शेवटचं कोणीच करत नाही. लिंबू तर नकोच, लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत.

वस्तऱ्याने साफ केली की दाट येते. अमेरिकेतल्या शरीररचनातज्ज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच दाढीचे केस तपासून दाखवलं होतं की वस्तऱ्याने केस जाडही होत नाही आणि वेगानेही वाढत नाही. कापलेलं टोक निमुळतं नसतं, धारदार कडेचं असतं, म्हणून हाताला राठ लागतं, बस. उलट दर वेळी साफ केली की ती टोचणी पहिल्यापासून सुरू.

आणि शेवटची ती ट्यूब. यावर मला हात जोडून सांगायचंय. "खाजेची ट्यूब" म्हणून जे मागतात त्यातल्या कित्येक ट्यूबमध्ये क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं स्टेरॉइड असतं, नाव बारीक अक्षरात असतं, वाचा. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून माणूस खूश होतो, पण दाढीत नायटा असेल तर स्टेरॉइड फक्त लाली आणि खाज दाबतं, बुरशी आत निवांत पसरत राहते, गोल कडा पुसट होतात आणि मग डॉक्टरला पण चटकन ओळखू येत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात नायटा इतका चिवट झालाय त्यामागे या ट्यूबांचा मोठा हात मानला जातो. चेहऱ्यावर महिनोन् महिने लावली की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, आणि बंद केली की आग आग होते म्हणून माणूस परत तीच लावतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. मी नाही म्हटलं की लोक पुढच्या दुकानात जातात, मला कळतं, तरी मी नाहीच देणार. खाज एकाच बाजूला, गोल, कडा उचललेली, केस सहज हातात येतायत, पू धरलाय, किंवा घरात अजून कोणाला जांघेत खाज आहे, यातलं काहीही असेल तर सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. आधीच ट्यूब लावत असाल तर ती सोबत न्या आणि किती दिवस लावली ते खरं सांगा.

मेसेजमध्ये एका गोष्टीचा उल्लेखच नाही, ती म्हणजे कलप. चाळिशी-पन्नाशीच्या पुढचे काका दाढीची खाज घेऊन आले की मी पहिलं हेच विचारतो, आणि बरेच जण म्हणतात कलप नाही हो, काळी मेहंदी लावतो. काळ्या मेहंदीत पण बहुतेक वेळा कलपातलं पीपीडी हेच काळा रंग देणारं रसायन असतं, आणि त्याची ॲलर्जी वर्षानुवर्षं लावल्यावर पण अचानक सुरू होऊ शकते. लावल्यावर एक-दोन दिवसांत खाज, सूज, पाणी सुटणं असं होत असेल तर ब्रँड बदलून बघू नका, लावणंच थांबवा आणि पाकिटावर पीपीडी किंवा पॅराफेनिलीनडायअमीन लिहिलंय का ते बघून ते पाकीट डॉक्टरला दाखवा.