ढालीला विरोध

घरच्या ग्रुपवर परवा भाचीनं साधा प्रश्न टाकला: आपण ‘सुदर्शन चक्र’ हे क्षेपणास्त्रं अडवणारं देशव्यापी कवच उभारलं, तर पलीकडचे क्षेपणास्त्रं कमी करतील की वाढवतील? 2025च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून जाहीर झालेलं हे कवच 2035पर्यंत पुरं व्हायचंय, म्हणजे विचारायला वेळ आहे. पण साताऱ्याच्या नानाकाकांनी लगेच निकाल दिला, ‘ढालीला विरोध करणारा शत्रूचाच माणूस.’ पोरगी गप्प.

नानाकाका, एकदा इकडे चेक प्रजासत्ताकात, माझ्या प्लझेनला या. सप्टेंबरात आम्ही ब्रदीच्या जंगलात अळंबी वेचायला जातो. तिथल्याच एका टेकडीवर अमेरिकेला रडार हवं होतं, आणि पोलंडात दहा अडवणारी क्षेपणास्त्रं. म्हणे इराणपासून बचाव. शेजारच्या त्रोकावेत्स गावानं मार्च 2007मध्ये मतदान घेतलं: विरोधात 71, बाजूनं 1. (तो एक कोण असेल, हा माझा आवडता प्रश्न.) विरोधकांना रशियाचे हस्तक म्हणणारे इथंही होतेच, पण कुणी गप्प बसलं नाही. जुलै 2008मध्ये चेक सरकारनं अमेरिकेशी रडारच्या करारावर सही केली, तो संसदेत अडकला, आणि सप्टेंबर 2009मध्ये ओबामांनी बेतच सोडून दिला.

सगळे विरोधक काही शांततावादी नव्हते. 1968मध्ये सोव्हिएत रणगाडे इथं घुसले, त्यानंतर परकं सैन्य पुन्हा नको, एवढंच अनेकांचं म्हणणं. तरी हिशेब भाचीचाच. 1972च्या एबीएम (क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवरच्या) करारानं अमेरिका आणि सोव्हिएत संघाच्या ढालींवरच मर्यादा घातली होती, कारण एकानं ढाल उचलली की दुसरा भाले वाढवतो. 2002मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली. 2018मध्ये नवी अस्त्रं मिरवताना पुतिननी त्याचाच दाखला दिला. आणि लांब कशाला जा, पाकिस्ताननं 2017मध्ये एकाच वेळी अनेक वॉरहेड (स्फोटक टोकं) नेणारं ‘अबाबील’ क्षेपणास्त्र उडवलं, तेव्हा त्यांच्या लष्करानंही या भागात वाढणाऱ्या क्षेपणास्त्रविरोधी ढालींकडेच बोट दाखवलं.

हे सगळं ग्रुपसाठी टाइप केलं, आणि पाठवलं नाही. नानाकाका विचारतील, 2025च्या मे महिन्यात, पाकिस्तानशी लढाई पेटली तेव्हा कुठं होतास?

स्वयंपाकघरात होतो. धाकटी बहीण जम्मूत, मेव्हण्यांची बदली तिथली. 8 मेच्या रात्री तिकडे दिवे घालवलेले, फोन लागेना. इथं अजून लख्ख ऊन. खिडकीखालून चार नंबरची ट्राम नेहमीसारखी गेली. एबीएम करार कुठला आठवतोय? आपल्या एस-400 या हवाई संरक्षण यंत्रणेला देवासारखे हात जोडत होतो. आणि प्रश्न विचारणारी भाची त्याच बहिणीची. ती त्या रात्री आईजवळ अंधारात बसलेली होती.

2008मध्ये इथल्या चौकात एका बाईंनी रडारविरोधी अर्ज पुढे केला होता. माझं व्हिसाचं काम अडकलेलं, म्हणून ‘मी परदेशी’ म्हणत हात मागे घेतला. त्यांनी सहज विचारलं, तुमच्याकडे लोक काय म्हणतात अशा गोष्टींना? मी म्हटलं, आमच्याकडे असलं काही नाही.

नोव्हेंबर 2006मध्येच आपण ओडिशाच्या किनाऱ्यावर असं क्षेपणास्त्र आकाशात अडवून दाखवलं होतं. मी तेव्हा पेढे वाटले होते, ऑफिसात.