एका फोडीचा भाव

शाळेच्या ग्रुपवर फतवा आला. छोट्या सुट्टीच्या डब्यात यापुढे फक्त ताजं फळ. वेफर्स, बिस्किटं, केक बंद. खाली आणखी एक ओळ होती : ‘फळ सोलून, बिया काढून, एका घासाएवढं करून पाठवावं.’ ही ओळ लिहिणाऱ्याच्या घरी डाळिंब येत नसावं.

सफरचंद काळं पडतं. केळं गणिताच्या वहीला चिकटतं आणि मग वहीच काळी पडते. पपईचं नाव काढलं की चिरंजीव ओजस पोट धरून बसतात. राहता राहिलं संत्रं. त्यात मी मूळचा संत्र्यांच्या मुलखातला, नागपूरकडच्या काटोलचा, म्हणजे माझ्या घरात दुसऱ्या फळाची चर्चा होणं हीच मुळात फितुरी. बाबांना फोन केला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पुण्यात वाघोलीला ट्रॅव्हल्सच्या डिकीतून संत्र्यांचं खोकं उतरवून घेतलं.

ओजसने खोक्यात डोकावून पाहिलं. “हिरवी आहेत.”

आता याला आंबिया बहार काय समजावणार? जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फळ उतरतं. रात्री चांगली थंडी पडल्याशिवाय सालीला नारिंगी रंग चढत नाही, पण आत गोडी आलेली असते. हे सगळं मी सांगितलं. वर, नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हेही सांगितलं.

“मग त्याचं स्टिकर कुठाय?”

त्याच्या मित्राच्या डब्यात परदेशी संत्री येतात. एवढीशी, बिनबियांची, प्रत्येकावर स्टिकर. तो मित्र ती स्टिकरं कपाळावर लावून वर्गात हिंडतो म्हणे. याच्यापुढे माझ्या काटोलचा काय निभाव लागणार?

म्हणून एकदा त्याच्याच हट्टापायी किन्नू आणला, संत्र्याचाच चुलतभाऊ. चकचकीत, नारिंगी, मेण लावलेला. १९३५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात संकरातून निघालेलं आणि पुढे पंजाबात रुजलेलं हे फळ रसाला भरपूर असतं, नाही म्हणणार नाही. पण साल आतल्या फोडींना अशी घट्ट धरून बसते की सोलताना अर्धा रस ओट्यावर. आणि बिया! त्या वेचताना शाळेची बस निघून गेली. वर बाबांना कुठून तरी कळलं. “घरात किन्नू आणला? काटोलचा पोरगा किन्नू खाते?” पुढे ते बराच वेळ बोललेच नाहीत.

तर परत संत्रं. हे सोलायला सोपं, कारण साल ढिली. देठाशी अंगठा दाबला की ‘पुक्’ होतं, साल सुटते आणि तिच्यातल्या तेलाची बारीक पिचकारी नेमकी चष्म्याखालून डोळ्यात जाते. आम्ही लहानपणी ही साल मुद्दाम एकमेकांच्या डोळ्यांत पिळायचो. त्याची फेड आता रोज सकाळी सातच्या आत करतो आहे.

पण सोलणं म्हणजे नुसता श्रीगणेशा. ओजसच्या अटी अशा : फोडीवर एकही पांढरा दोरा नको, आत बी नको आणि ‘ते कातडं’ नको. मी टाके काढणाऱ्या सर्जनसारखा दिव्याखाली बसून दोरे ओढतो. मग फोडीच्या आतल्या, सरळ कडेला नखाने चीर द्यायची. बिया तिथेच दडलेल्या असतात. त्या चिमटीने काढायच्या, पापुद्रा दोन्हीकडून उलगडायचा आणि आतले रसाचे टपोरे दाणे अखंड बाहेर काढायचे. एका फळात दहा-अकरा फोडी. आठव्या फोडीला माझ्या हाताला कळ येते आणि चिरंजीव विचारतात, “अजून नाही झालं?”

रस काढून दिला तर? तर आमची ही मधे पडते. तिने आहारतज्ज्ञांचे व्हिडिओ पाहिलेत. संत्र्यात क जीवनसत्त्व असतं, त्यामुळे भाजीतलं लोह अंगी लागतं, आणि रस गाळला की चोथा जातो, तो जायला नको. चोथा कुठे असतो? त्या दोऱ्यांत आणि त्या पापुद्र्यात, जे मी पहाटेपासून काढत बसलोय. ते वाया जाऊ नये म्हणून ते मीच खातो. दोरे, पापुद्रे, ज्यात चुकून बी राहिली म्हणून नाकारलेली फोड, सगळं. या घरात पोट साफ असलेला मी एकटाच आहे.

सासूबाईंचं शास्त्र आणखी वेगळं. दुधावर संत्रं नको, पोटात दूध फाटतं. रात्री नको, खोकला होतो. ढग आले तर नको. ओजसला एक शिंक आली की त्या संत्र्याकडे असं बघतात की मलाच ते फ्रीजमागे लपवावंसं वाटतं. सगळी पथ्यं पाळून दिवसातली एकच मोकळी जागा उरते, ती म्हणजे शाळेची छोटी सुट्टी.

एवढं सगळं होऊनही डबा रोज चाटूनपुसून रिकामा येत होता. मला जरा संशयच आला होता, पण रिकाम्या डब्याला प्रश्न कोण विचारतो? मग पालकसभेत ओजसच्या बाकावरच्या मुलाची आई भेटली. “अहो, तुमचे आभार मानायचे होते. आमचा घरी फळाला हात लावत नाही, पण तुमच्या डब्यातलं संत्रं रोज खातो. इतकं स्वच्छ सोलतं कोण? बाई ठेवलीये का?”

घरी येऊन चौकशी बसवली. ओजसने शांतपणे हिशेब दिला. तो मित्र कंपासपेटीत लपवून वेफर्स आणतो. एका फोडीला दोन वेफर्स. दोरा राहिला असेल तर एकच. बी निघाली तर सौदा रद्द. “म्हणून तर मी तुला नीट सोलायला सांगतो ना, बाबा!”

संध्याकाळी हे सगळं फोनवर आजोबांच्या कानावर घातलं. म्हटलं, ते तरी नातवाला चार शब्द सुनावतील. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, “एका फोडीले दोन वेफर्स?”

“हो ना, बाबा.”

“अन् नगदी?”

“नगदीच. छोट्या सुट्टीत.”

“कळमन्याच्या बाजारात आपल्याले एवढा भाव कधी भेटला का बे? त्याले रागावू नको. पुढचं खोकं मोठं पाठवतो.”