ईडिपसला म्हणे सगळं आधीच ठाऊक होतं!

ग्रीक शोकांतिकेवरचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. भाचीची बी.ए.ची परीक्षा तोंडावर आलीय आणि तिने तो जसाच्या तसा वहीत उतरवून घेतलाय, म्हणून लिहिणं भाग पडलं. सोफोक्लीसचं ‘राजा ईडिपस’ हे नाटक घेऊन मेसेज म्हणतो: ईडिपसला आपले आईबाप कोण ते पहिल्यापासून ठाऊक होतं, मनातून त्याला आईच हवी होती, शेवटचा उलगडा देव येऊन करतात, आणि शोकांतिकेत खरी ओळख पटली की सर्वनाश ठरलेलाच.

पहिला मुद्दा वाचून संताप येतो. बापाला मारशील, आईशी लग्न करशील, असं डेल्फीच्या देववाणीत ऐकल्यावर हा माणूस कॉरिंथला परतलाच नाही, कारण तिथले राजाराणी हेच आपले आईबाप अशी त्याची समजूत होती. ज्याला हे हवंय तो घरदार कशाला सोडेल? आईशी संग केल्याची स्वप्नं पुष्कळांना पडतात, असं वाक्य नाटकात आहे खरं. पण ते त्याच्या राणीचं, जोकास्टाचं (तीच त्याची खरी आई), त्याची भीती घालवायला म्हटलेलं. मनातून आईच हवी असते हा मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडचा निष्कर्ष सोफोक्लीसच्या माथी मारू नका.

आंधळा द्रष्टा टायरेसियस त्याला तोंडावर आधीच्या राजाचा, लायसचा (म्हणजे त्याच्या खऱ्या बापाचा) खुनी म्हणतो, हेही कबूल. पण कानावर पडणं वेगळं आणि पटणं वेगळं. ईडिपसला त्यात मेहुण्याचा, क्रेऑनचा कट दिसतो. पटतं कसं ते बघा. कॉरिंथचा राजा वारल्याची बातमी घेऊन दूत येतो. पण राणी जिवंत आहे, म्हणून आईशी लग्नाची धास्ती ईडिपसला अजून आहेच. ती घालवायला दूत सांगतो की तो कॉरिंथच्या राजाराणीच्या पोटचा नाहीच, घोटे टोचलेलं ते पोर लायसच्या धनगराने मला दिलं. जोकास्टाला तिथेच सगळं कळतं. पुढे विचारू नकोस म्हणून ती विनवते. तो विचारतोच. म्हातारा धनगर म्हणतो, आता भयंकर ते बोलायची वेळ आली. हा म्हणतो, माझ्यावर ऐकायची. तरी ऐकलंच पाहिजे. आधीच ठाऊक असलेला माणूस असा खोदून विचारेल? अज्ञानातून ज्ञानाकडे जाणं आणि दैव उलटणं एकाच वेळी घडतं ते सर्वोत्तम, असं अ‍ॅरिस्टॉटल ‘काव्यशास्त्रा’च्या 11व्या प्रकरणात सांगतो, आणि दाखला याच नाटकाचा देतो. विंदा करंदीकरांनी ते पुस्तक मराठीत आणलंय, ते वाचा.

देव उलगडा करतात? इथे तो एक दूत आणि एक धनगर करतात.

सर्वनाशाचं म्हणाल तर युरिपिडीसचं ‘टॉरिसमधली इफिजेनिया’ हे नाटक घ्या. त्यातली पुजारीण इफिजेनिया ज्या परक्याला बळी द्यायला निघालीय तो तिचाच भाऊ ओरेस्टिस. घरी धाडायचं पत्र वाटेत हरवलं तरी निरोप पोचावा, म्हणून ती मजकूर ओरेस्टिसच्या मित्राला, पिलाडीसला मोठ्याने सांगते आणि ओरेस्टिसला बहीण सापडते. शेवटी अथीना येते हे खरं, पण ओळख केव्हाच पटलेली असते. बळी टळतो, भावंडं सुटतात. 14व्या प्रकरणात अ‍ॅरिस्टॉटल ऐनवेळी ओळख पटून घात टळण्याच्या याच प्रकाराला सगळ्यांत वर ठेवतो.