येणे बाकी

लहान मुलांना ‘नाइफच्या स्पेलिंगची सुरुवात के या अक्षराने होते’ असे सांगितले की ती तो शब्द वहीत पाचदा उतरवतात आणि मधल्या सुट्टीची वाट पाहू लागतात. साठीच्या गृहस्थांना तेच सांगितले की ते चष्मा काढतात, घडी घालून समोर ठेवतात आणि विचारतात, ‘का?’ प्रौढांना इंग्रजी शिकवण्याच्या माझ्या व्यवसायातला सारा मनस्ताप या एका अक्षरात सामावलेला आहे.

या व्यवसायात मी ठरवून आलेलो नाही. माझी पदवी रसायनशास्त्राची; इंग्रजी हा माझ्या लेखी बोलण्याचा नव्हे, तर उत्तीर्ण होण्याचा विषय होता. आयुष्यातल्या पहिल्या मुलाखतीला जाताना दहा अपेक्षित प्रश्नांची इंग्रजी उत्तरे मी क्रमाने पाठ केली होती. समोरच्यांनी पहिला प्रश्न गाळून थेट दुसरा विचारला आणि क्रम सोडण्याचे धाडस अंगी नसल्यामुळे मी पहिलेच उत्तर दिले. त्यानंतरचे प्रत्येक उत्तर एकेक घर मागे राहिले. वडील काय करतात, या प्रश्नाला ‘रसायनशास्त्र, प्रथम श्रेणी’ आणि छंद कोणता, या प्रश्नाला ‘ते नुकतेच निवृत्त झाले आहेत’ असे मी खणखणीत आवाजात सांगून आलो. ती नोकरी अर्थातच मिळाली नाही. मात्र पुढे प्रौढांचा वर्ग हाती आला तेव्हा समोरच्याच्या घशात अडकलेले वाक्य मला दुरूनही दिसू लागले. माझी खरी पात्रता ती आणि तेवढीच. प्रमाणपत्र नंतर मिळाले.

त्या प्रमाणपत्राच्या अभ्यासात कळले की, प्रौढांना शिकवण्याच्या शास्त्राला ‘अँड्रागॉजी’ असे भारदस्त नाव आहे. अलेक्झांडर काप या जर्मन शिक्षकाने १८३३ मध्ये ते वापरले आणि पुढच्या शतकात माल्कम नोल्स या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने ते सर्वतोमुखी केले. नोल्स यांचे म्हणणे असे की, प्रौढ माणसाला एखादी गोष्ट शिकण्याआधी ती का शिकायची हे कळावे लागते. तत्त्व उत्तम आहे. फक्त ते मांडताना त्यांच्या डोळ्यांसमोर इंग्रजी स्पेलिंग नसावे.

चष्म्याची घडी घालणारे ते गृहस्थ जन्मभर हिशेब तपासून निवृत्त झालेले होते. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’ शब्दात बी हे अक्षर पाहून ते म्हणाले, “सर, याचा उच्चार नाही, मग हे इथे बसून करते काय?” मी सांगितले की, हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता, पुढे विद्वानांना त्याचे लॅटिन मूळ ‘डेबिटुम’ आठवले आणि त्या पूर्वजाच्या स्मरणार्थ त्यांनी तो लिहिण्यात घुसवला. “म्हणजे मयताच्या नावाने पगार काढला,” असे म्हणून त्यांनी वहीत काहीतरी टिपले. नाइफमधला के एके काळी खरोखर उच्चारला जात असे. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना आणला, छपाईबरोबर स्पेलिंग हळूहळू थिजत गेले आणि उच्चार मात्र पुढे चालत राहिले, हे ऐकल्यावर तो के त्यांनी सेवानिवृत्त समजून मोठ्या मनाने सोडून दिला. ‘आयलंड’मधला एस मात्र निव्वळ गैरसमजाने, लॅटिन शब्दाशी नसलेले नाते जोडून आत शिरला आहे, हे कळताच ते हादरले. “आणि हे कोणी तपासलेच नाही?” या प्रश्नावर मला खाली पाहावे लागले, जणू त्या वेळी ड्यूटीवर मीच होतो.

एस या अक्षराने मला खाली पाहायला लावण्याची ती पहिली वेळ नव्हती. ‘ही गोज’, ‘शी कम्स’ यांतला एस कागदावर दहा मिनिटांत समजतो आणि जिभेवर यायला कित्येकदा वर्षे घेतो. इंग्रजी शिकणाऱ्यांना जे प्रत्यय फार उशिरा साधतात, त्यांत त्याची गणना होते. हे मी वाचलेले होते, तरीही सुरुवातीच्या काळात चूक कानावर पडली की माझा हात आपोआप वर जाई. परदेशी वाढणाऱ्या नातवाशी बोलता यावे म्हणून वर्गात येणाऱ्या एक आजी होत्या. दोन महिने त्या गप्प होत्या आणि एके दिवशी आपण होऊन उभ्या राहिल्या. “वन नाइट,” त्या म्हणाल्या, “थीफ कम इन माय हाउस.” सारा वर्ग पुढे झुकला. मी म्हणालो, “कम्स.” आजी थांबल्या, “कम्स” म्हणाल्या, पदर सावरला आणि खाली बसल्या. चोर घरातच राहिला. मागच्या बाकावरून कोणीतरी कळवळून विचारले, “पण पुढे काय झाले?” आजींनी मान हलवली आणि उरलेला तास माझ्याकडे कोणीही धडपणे पाहिले नाही.

तेव्हापासून कोणी बोलत असताना मी तोंड उघडत नाही. चुका एका छोट्या वहीत उतरवतो आणि बोलणे पूर्ण झाल्यावर, नाव न घेता, त्यांतल्या दोन-तीन फळ्यावर मांडतो. उरलेल्यांकडे काणाडोळा करतो. लिहिण्यास हे सोपे आहे. प्रत्यक्षात मला दोन्ही हात टेबलाखाली धरून बसावे लागते.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी आजी पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिले आणि ते दिसत नाहीत याची खात्री करून घेतली. “थीफ कम,” त्या म्हणाल्या. “थीफ सी मी. थीफ रन!” वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला, मीही केला. तो ओसरल्यावर हिशेबनीस गृहस्थ माझ्याकडे झुकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “सर, तीन एस येणे बाकी.”