म्हणे पब्लिक येत नाही!

रग्बी सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीच्या, स्पर्धेला गर्दी नाही म्हणून आयोजकांनी यंदाही गळा काढलाय. कोल्हापुरात? जिथं पेठेपेठेतली पोरं कामाला दांडी मारून फुटबॉलसाठी शाहू स्टेडियम भरून टाकतात, तिथं?

अहो, स्पर्धा ठेवली कधी ते बघा की! ऐन फुटबॉलच्या हंगामात, तेही शाहूवर तगडी मॅच असते नेमक्या त्याच दुपारी. कोण फिरकणार तुमच्याकडं?

बरं, खेळ केवढा? ७-७ मिनिटांचे दोन हाफ, मध्ये २ मिनिटं विश्रांती. एका दिवसात एकेका संघाचे दोन-तीन सामने उरकतात, हीच त्यातली गंमत. आमच्याकडं उद्घाटनच दीड तास! वेळ नऊची, साहेब साडेदहाला. मग फेटे, हार, नारळ आणि 'दोन शब्द', जे कधीच दोन नसतात. वॉर्मअप झालेली पोरं तोवर उन्हात गार पडतात.

मग वेळ भरून काढायला वेळापत्रकावर बॉलपेननं खाडाखोड. भाच्याची मॅच दुपारी एकला म्हणून आक्का घरचं आवरून, डबा घेऊन आली, तर ती साडेबारालाच संपलेली. पुढची कधी? "ग्रुपवर टाकतो." टाकलं चारला, सव्वाचारच्या मॅचचं!

वर माईकवरून आम्हालाच टोमणे, 'कोल्हापूरकरांनी पाठ फिरवली.' उद्या फायनल कितीला विचारलं, तर माईकवाला म्हणतो कसा, "साहेबांची वेळ मिळाली की सांगतो."